एकबाणी

मराठी माणसाच्या तोंडी प्रभू रामचंद्रांची तीन विशेषणे एकत्रच येतात : एकवचनी, एकबाणी आणि एकपत्नी. त्यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या विशेषणावर आपल्या कीर्तनकारांनी आणि प्रवचनकारांनी पुष्कळ विवेचन केले आहे. मधले विशेषण मात्र ओघात उच्चारले जाते आणि तसेच मागे पडते. वास्तविक युद्धकांडातील रामाच्या बाणांची मोजदाद करू म्हणणाऱ्याची दमछाक होईल. तेव्हा ‘एकबाणी’ हे वर्णन घडलेल्या गोष्टीपेक्षा एका आदर्शाचे आहे, हे उघड आहे. या आदर्शाचे दोन अर्थ संभवतात. ज्याला दुसरा बाण लावावा लागत नाही तो एकबाणी, हा एक. आणि जो दुसरा बाण हाताशी ठेवीतच नाही तो एकबाणी, हा दुसरा. पहिला अर्थ कौशल्याचा आहे, दुसरा निग्रहाचा. या दोहोंत आपण सहसा फरक करीत नाही. तो करावा असे वाटण्याचे कारण रामायणापासून बरेच दूरचे आहे : एका वेळी एकच काडतूस भरता येणारी शिकारीची रायफल, आणि ती आजही हौसेने बाळगणारी माणसे.

अशा रायफलीची रचना थोडक्यात सांगतो. चापाखाली एक तरफ असते. ती खाली ओढली की नळीच्या मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा आपल्या खाचेतून सरळ खाली उतरतो. उघड्या तोंडातून अंगठ्याने एक काडतूस आत सारायचे, तरफ वर घ्यायची, की ठोकळा पुन्हा जागेवर बसतो. काडतुसांचा साठा ठेवायला पेटी नाही, म्हणून मधला भाग आखूड राहतो. नळी लांब ठेवूनही एकंदर हत्यार आटोपशीर आणि तोलाला नेटके होते. जॉन फार्कर्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८७२ साली अशा रचनेचे पेटंट घेतले आणि ब्रिस्टलच्या गिब्ज या कारखान्याने त्या बनावटीच्या उत्तम रायफली घडवल्या. आफ्रिकेतील प्रसिद्ध शिकारी सेलूस यांच्या हाती बरीच वर्षे अशीच रायफल होती. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग यांनी १८७९ साली पेटंट घेतलेली रचना विंचेस्टर कंपनीने १८८५ मध्ये बाजारात आणली. ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री हीसुद्धा, ठोकळ्याची हालचाल थोडी वेगळी असली तरी, एकाच काडतुसाची.

त्या काळी हा निग्रह नव्हता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. जोरकस काडतूस सोसणारी भरवशाची यंत्रणा तेव्हा मुख्यतः याच प्रकारची होती. आपल्याकडच्या पारध्याची ठासणीची बंदूकही एका वेळी एकच बार काढीत असे. त्यात व्रत कसले, ती परिस्थिती होती. जिम कॉर्बेट यांनी आपल्या बालपणीच्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती होती दुनळी, पण एक नळी फुटलेली आणि नळ्या दस्त्याला पितळी तारेने बांधलेल्या. तो मुलगा एकबाणी झाला तो नाइलाजाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र पाच-पाच काडतुसांची पेटी असलेल्या मजबूत रायफली आल्या आणि एकेरी रायफलीचे प्रयोजन संपल्यासारखे झाले. तरीही १९६७ साली अमेरिकेत बिल रूगर यांनी फार्कर्सनच्या धर्तीवर एक नवी एकेरी रायफल विक्रीस आणली. व्यवहारी माणसांना ते धाडस वाटले असेल, पण ती रायफल लोकांनी घेतली. आल्प्स पर्वतात चढून शिकार करणारे लोकही मधून मोडून भरायची हलकी एकेरी रायफल आजवर वापरीत आले आहेत. अधिक सोयीचे साधन शेजारच्याच फळीवर ठेवलेले असताना कमी सोयीचे साधन जाणूनबुजून उचलणे, ही नैतिक विचाराला खाद्य पुरवणारी गोष्ट आहे.

हे लोक त्याचे समर्थन कसे करतात? समर्थन अनेक परींनी केले जाते. त्यातले सर्वांत भारदस्त रूप ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाच्या लेखनात सापडते. १९४२ साली एका सरदार मित्राच्या शिकारविषयक ग्रंथाला त्यांनी प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली आणि पुढे तीच स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचली जाऊ लागली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की माणसाची शस्त्रे जसजशी प्रभावी होत गेली तसतसे त्याने स्वतःवर निर्बंध घालून घेतले. सावजाला निसटण्याची काही शक्यता उरली नाही तर शिकार ही क्रियाच शिल्लक राहत नाही. उरतो तो केवळ संहार. अमेरिकेचे अल्डो लिओपोल्ड यांचे निबंध १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ग्रंथरूपाने आले. शिकाऱ्याच्या वाढत्या उपकरणसामग्रीबद्दल त्यांनी त्यांत नापसंती दाखवली आहे. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते : खेळाडूला पाहणारे प्रेक्षक असतात, पंच असतो, शिकाऱ्याला रानात पाहणारे कोणीही नसते. त्याने काय केले आणि काय टाळले याला साक्षीदार तो एकटाच.

या भूमिकेत तथ्य नाही असे नाही. पेटीत आणखी चार काडतुसे आहेत ही जाणीव पहिल्या गोळीला स्वस्त करते, हे कोणत्याही हत्याराच्या बाबतीत पटण्यासारखे आहे. एकच गोळी असेल तर माणूस थांबतो, जनावर आडवे उभे राहण्याची वाट पाहतो, अंतर कमी करण्यासाठी आणखी शंभर पावले सरपटत जातो. कित्येकदा नेम न साधताच परत येतो. असा परत आलेला माणूस दुसऱ्यापेक्षा बरा, हे मी मान्य करतो.

परंतु याच रायफलीच्या इतिहासात एक असे प्रकरण आहे, की त्यापुढे हे समर्थन डळमळते. उत्तर अमेरिकेच्या मैदानांत एके काळी कोट्यवधी गवे होते. १८७० नंतरच्या अवघ्या दहा-बारा वर्षांत, कातड्याच्या व्यापारासाठी, त्यांचा जवळजवळ निःपात झाला. दक्षिणेकडचे कळप १८७० चे दशक संपता संपता सरले, उत्तरेकडचे १८८३ पर्यंत. १८८० चे दशक संपताना सगळ्या खंडात मिळून सुमारे हजारभर गवे उरले होते. हा संहार कोणत्या हत्याराने झाला? मुख्यतः शार्प्स आणि रेमिंग्टन या कारखान्यांच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलींनी. त्या शिकाऱ्यांची रीत अभ्यासण्यासारखी आहे. वाऱ्याच्या उलट बाजूने येऊन ते दूर एका जागी बैठक मारीत आणि कळपाचे पुढारपण करणारी म्हैस आधी टिपीत. पुढारी पडली की बाकीचे गवे पळून न जाता तिच्याभोवती घोटाळत. मग एकेक गोळी, शांतपणे, नळी फार तापू नये इतके अंतर ठेवून. घाईगर्दी नाही, वाया गेलेली काडतुसे थोडी, नेम अचूक. एकेरी रायफलीचे चाहते ज्या गुणांची वाखाणणी करतात ते सगळे गुण तिथे हजर होते. नव्हता तो फक्त संयम. हत्यार माणसाला थांबायला लावते, पण कशासाठी थांबायचे हे ते सांगू शकत नाही. कातडी सोलणाऱ्यांना आवरतील एवढेच गवे मारण्यासाठीही माणूस थांबतो.

याहून अवघड आक्षेप पुढे आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. स्वेच्छेने पत्करलेली अडचण ही आपल्या परंपरेला चांगली परिचित आहे. तिला आपण व्रत म्हणतो. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडणारी आजी, अनवाणी वारी करणारा वारकरी, मौन पाळणारा साधक, हे सारे सोय हाताशी असून ती नाकारतात. व्रताचा आपण आदर करतो, कारण त्याचे क्लेश व्रत घेणाऱ्याच्या देहाला होतात. उपाशी राहायचे ते व्रतस्थाने. एकेरी रायफलीचे व्रत मात्र विचित्र आहे. नेम साधला तर व्रत घेणाऱ्याला समाधान. नेम चुकून गोळी पोटात किंवा मांडीत बसली, तर दुसरी गोळी तत्काळ हाती नसल्याचे क्लेश भोगायचे सावजाने. व्रत एकाचे आणि उपास दुसऱ्याला, असा हा प्रकार होऊ शकतो. त्याला निग्रह म्हणावे काय?

यावर जाणकारांचे उत्तर असे, की सराव असलेला माणूस डाव्या हाताच्या बोटांमध्ये जादा काडतुसे धरतो आणि काही क्षणांत दुसरी गोळी झाडू शकतो. ते खरे आहे. पण मग ‘एकच गोळी’ या नियमाचे पावित्र्य कोठे गेले? दुसरी गोळी लगेच झाडता येते असे म्हणायचे तर निग्रह नाममात्र उरतो. झाडता येत नाही असे म्हणायचे तर जखमी जनावराचे उत्तरदायित्व शिरावर येते. दोन्हींचे श्रेय एकाच वेळी घेता येणार नाही.

आणि हे क्लेश सावजापाशी थांबत नाहीत. कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीची हकीकत बहुतेकांनी वाचलेली असते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे तिने नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसांचे बळी घेतले. तिला मारल्यावर तपासले तेव्हा उजवीकडचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले; जुन्या गोळीची ती खूण होती, आणि आपले नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला त्यामुळेच अशक्य झाले, असा त्यांचा निष्कर्ष. ती गोळी कोणाच्या हातून सुटली, त्याच्या हाती हत्यार कोणते होते, त्याने माग काढला की घरची वाट धरली, यातले काही इतिहासाला ठाऊक नाही. एवढे खरे, की त्या अर्धवट लागलेल्या गोळीची भरपाई वर्षानुवर्षे डोंगरातल्या गवत कापणाऱ्या बायकांनी केली. स्वतः कॉर्बेट जखमी जनावराच्या मागावर पायी जाणे हे आपले कर्तव्य मानीत. शिकाऱ्याच्या व्रतात स्वतःच्या देहाला क्लेश होण्याची जागा कुठे असेल, तर ती ही आहे : झाडीत शिरलेल्या, दुखावलेल्या जनावरामागे जाणे.

आपल्या महाकाव्यांत मृगयेच्या कथा विपुल आहेत आणि, आश्चर्य असे, की त्यांतल्या बहुतेक शिकारी फसलेल्या आहेत. दशरथाचा बाण एकच होता आणि अचूक होता. शब्दवेधाचे ते कौशल्य होते; रात्रीच्या काळोखात घडा बुडाल्याच्या आवाजावर त्याने नेम धरला आणि तापसकुमार पडला. एकबाणी असणे ही जर परिपूर्ण नीती असती, तर दशरथाला शाप मिळण्याचे कारण नव्हते. काय मारतो आहोत हे न पाहता मारणे, हा त्याचा दोष. पंडूची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. हरिणाच्या जोडीला त्याने पाच बाणांनी विंधले, आणि हरिणरूपातील किंदम ऋषीशी त्याचा मरणाच्या दारात वाद झाला. पंडू राजाचा हक्क सांगतो : मृगया हा क्षत्रियाचा आचार आहे, मृगांना उघडपणे किंवा कपटाने मारतातच. किंदम हा हक्क नाकारीत नाही, हे विशेष. तू मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, तू थांबला नाहीस म्हणून देतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. समागमात रत असलेल्या प्राण्याला तेवढा अवधी द्यायला हवा होता. पाच बाणांऐवजी एक सोडला असता तरी किंदमाचा शाप टळला नसता.

वालीचे प्रकरण तर ‘एकबाणी’ या शब्दाच्या अगदी मुळाशी जाते. रामाने वालीला पाडले ते एकाच बाणाने, पण आडून. वालीने जाब विचारल्यावर रामाने दिलेल्या उत्तरात एक युक्तिवाद मृगयेचाच आहे : माणसे पशूंना जाळी लावून, दबा धरून, पाठमोरे असतानाही मारतात आणि त्यात दोष मानीत नाहीत, तू शाखामृग आहेस. भाष्यकारांनी या उत्तराचे समर्थन नाना परींनी केले आहे. त्या वादात मला शिरायचे नाही. मला एवढेच दिसते, की युद्धात समोरच्याला सावध करण्याचा जो नियम वीर पाळतो तो मृगयेला लागू नाही असे त्या उत्तरात गृहीत आहे. ओर्तेगा नेमके याच्या उलट म्हणतात. शिकारीतही प्रतिपक्षाला काही देणे लागते. माझा कल ओर्तेगांकडे आहे. मात्र ते देणे काडतुसांच्या संख्येने फिटते, हे मला मान्य नाही. ते फिटते न झाडलेल्या गोळीने. प्रकाश कमी आहे म्हणून, अंतर जास्त आहे म्हणून, मागे पाडस उभे आहे म्हणून, किंवा उगाच, आज नको म्हणून जी गोळी नळीतच राहते, तिने. ही गोळी पाच काडतुसांच्या रायफलीतही राखता येते. एकेरी रायफलीने ती राखण्याची सवय हाताला लागत असेल, तर तेवढे श्रेय तिला द्यावे. त्यापलीकडचे देऊ नये.

येथपर्यंत विलायतेच्या आणि पुराणांच्या गोष्टी झाल्या. आमच्या ग्वाल्हेरकडे या प्रश्नाला निराळे वळण आहे. शिवपुरीचे रान हे शिंदे सरकारचे शिकारीचे रान. जुन्या मराठी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर मुंडकी आणि कपाटात बंदुका हे दृश्य अपूर्वाईचे नव्हते. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर ब्रिटिश मुलखात सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार दुर्मीळ झाले. त्यामुळे घरात विलायती रायफल असणे हे शिकारीपेक्षा दर्जाचेच लक्षण अधिक होते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची कवाडे जवळजवळ बंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजवली. शिवपुरीतून वाघ तोवर नाहीसे झालेच होते. त्याच रानात, माधव राष्ट्रीय उद्यानात, मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले.

मग कपाटातल्या रायफलीचे काय झाले? खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागते, आपट्याचे पान वाहिले जाते. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. जुन्या मापाची काडतुसे मिळत नाहीत. फार तर वर्षातून एकदा तेलाचा हात. कोणी म्हणेल, आता ही निरुपद्रवी वस्तू झाली, तिच्यावर प्रेम करण्यात गैर काय? मला त्यात गैर दिसत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादावरचे कोरीवकाम, तरफ मिटताना होणारा तो दबका आवाज, यांत कारागिराचे जे मन उतरले आहे त्याची कदर व्हावी. मात्र सतार आणि रायफल यांत फरक आहे आणि तो सौंदर्याने मिटत नाही. ती कशासाठी घडवली गेली हे विसरून तिची पूजा करणाऱ्यापेक्षा, हे आठवून थोडा अस्वस्थ होणारा मालक मला अधिक प्रामाणिक वाटतो.

शिकाऱ्यांकडून आणखी एक प्रश्न हमखास येतो : खाटकाच्या दुकानातून मांस आणून खाणाऱ्याने आम्हाला नीती शिकवावी काय? प्रश्न बोचरा आहे आणि जुना आहे. वनपर्वातला धर्मव्याध मांस विकतो, पण मी स्वतः प्राणी मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, असे सांगतो. नांगराखालीही असंख्य जीव मरतात हेही तो दाखवून देतो. हिंसेपासून अलिप्त कोणीच नाही, हे खरे. पण त्यावरून कोणतीही हिंसा सारखीच, असे धर्मव्याधही म्हणत नाही. आणि स्वतःच्या हाताने मारणारा अधिक सच्चा असला, तरी सच्चेपणाने सावजाला पडलेला फरक शून्य आहे.

हौस आणि गरज यांतले अंतर हल्ली निराळ्याच ठिकाणी दिसू लागले आहे. नीलगाय, जिला विदर्भात रोही आणि माळव्याकडे रोजडा म्हणतात, आणि रानडुक्कर, हे शेतकऱ्याच्या उभ्या पिकाचे वैरी झाले आहेत. केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये काही राज्यांत ठरावीक मुदतीसाठी त्यांना उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी २०० हून अधिक नीलगायी मारल्या आणि देशभर वाद उसळला. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु मारायचेच असे एकदा ठरले, तर तिथे ओर्तेगांची नीती उलटी लावावी लागेल. तिथे सावजाला संधी देण्यात अर्थ नाही. उत्तम दुर्बीण, वेगवान रायफल आणि क्षणात दुसरी गोळी, हीच दया. अशा ठिकाणी कोणी एकेरी रायफल घेऊन आपला रसिकपणा दाखवू लागला तर तो क्रूरपणाच होईल. म्हणजे एकबाणी राहण्याचा नियम शोभतो तो मारण्याची काहीच गरज नसलेल्या ठिकाणी. आणि गरज नसेल तर मुळात मारावेच का, या प्रश्नाला या नियमाजवळ उत्तर नाही. ओर्तेगा उत्तर देतात ते मनुष्याच्या आदिम आनंदाचे. तो आनंद मी नाकारीत नाही. तो पुरेसा आहे असे मात्र मला कधी पटले नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्रकायद्यात दुरुस्ती होऊन एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली. वारशाने आलेल्यांनाही तीच मर्यादा. त्यामुळे अनेक घरांत वर्षभराच्या आत एक हत्यार काढून टाकण्याची वेळ आली. माझ्या परिचयाच्या एका घरी शेतावरची दुनळी, एक पिस्तूल आणि पणजोबांची एकेरी विलायती रायफल अशी तीन होती. मुलाचे म्हणणे, जिला काडतूसच मिळत नाही ती ठेवून काय करायचे? वडिलांचे म्हणणे, मग ठेवायला तीच सर्वांत चांगली. दोघांनी माझे मत विचारले, तेव्हा मी वडिलांच्या बाजूने बोललो. पिस्तूल गेले. रायफल अजून त्या घरी आहे.